दहावीचा अणू, यूट्यूबचा अणु

दहावीला विज्ञानात १०० पैकी ९१, आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीला २५ पैकी ७. दोन्ही मार्क माझेच. आता बीएस्सीला आहे, केमिस्ट्रीच घेतली आहे, पण त्या सातची गोष्ट आठवली की अजून डोकं तापतं. म्हणून लिहून टाकते. माझ्यासारख्या मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या एखाद्या पोरीचे तीन महिने वाचले तर वाचले.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. शाळा पूर्ण मराठी, कॉलेज तालुक्याला, आणि सायन्स म्हटलं की सगळं इंग्रजीत. सर धडा वाचायचे, खाली रेघ मारायला सांगायचे, पुढच्या पानावर जायचे. घरी आल्यावर रेंज फक्त स्लॅबवर. तिथे बसून मी हिंदी व्हिडिओ बघायचे, कारण अकरावीचं मराठीतून समजावणारं मला तेव्हा काही सापडलं नव्हतं. हिंदी काय, आपल्याकडे सगळ्यांनाच समजते. तिथेच फसले.

सुरुवातीचा भाग सोपा गेला. द्रव्य, त्याच्या अवस्था, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, एकके. कापसाच्या घरातल्या पोरीला क्विंटलचे किलो कुणी शिकवावे लागत नाहीत.

मग मोल आला, म्हणजे डझनासारखं कण मोजायचं माप. व्हिडिओतले सर म्हणाले, एक मोल पाण्यात, म्हणजे १८ ग्रॅममध्ये, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणु असतात. मी लिहून घेतलं. दहावीत शिकलेच होते, अ‍ॅटम म्हणजे अणू. चाचणीत प्रश्न आला: १८ ग्रॅम पाण्यात एकूण किती अ‍ॅटम? मी तोच आकडा ठोकून दिला. चूक. कार्बनच्या १२ ग्रॅमलाही तोच आकडा लिहिला, ते मात्र बरोबर! ३२ ग्रॅम ऑक्सिजनला परत चूक. एकच रीत, एकच आकडा, एकदा टिकमार्क आणि दोनदा फुली. वेड लागायची पाळी.

बरं, त्या व्हिडिओंत ‘परमाणु’ हाही शब्द यायचा. मी आपल्या मनाने अर्थ लावला की परम-अणू म्हणजे अणूच्याही आत असणारं काहीतरी, प्रोटॉनसारखं. आणि नशीब असं की ‘परमाणु क्रमांक’ म्हणजे प्रोटॉनचीच संख्या निघाली. माझा चुकीचा अर्थ तिथे अगदी चपखल बसला, त्यामुळे संशयच आला नाही.

पेपर हातात पडायला तीन आठवडे लागले. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सरांनी चष्म्यावरून बघितलं, लाल पेनाने वरती इंग्रजीत ‘कन्सेप्ट नॉट क्लिअर’ लिहिलं आणि पेपर परत दिला. एवढंच. अहो सर, क्लिअर नाही म्हणूनच तर आले होते! कुठला कन्सेप्ट, काय नॉट क्लिअर, एक वाक्य सांगायला काय हरकत होती? मला वाटलं माझंच डोकं सायन्सचं नाही. घरी येऊन रडले. आई म्हणाली, “काऊन रडून रायली वं? पास त व्हशील.” मी सगळी गणितं तोंडपाठ केली आणि सहामाहीत परत तीच माती खाल्ली.

सुटका झाली ती जानेवारीत, अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना. चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. मित्राकडून त्याने जनरल नॉलेजचं हिंदी पुस्तक आणलेलं. त्याने विचारलं, “हे भाभा परमाणु अनुसंधान केंद्र अन् आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र एकच व्हय का वं?”

“एकच की,” मी म्हटलं, आणि हातातली शेंग हातातच राहिली.

आपला अणुबॉम्ब, त्यांचा परमाणु बम. आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु. मग त्यांचा अणु म्हणजे आपला रेणू! व्हिडिओतले सर पाण्याचे रेणू मोजत होते आणि मी ते अणू समजून लिहीत होते. पाण्याच्या एका रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे तीन अणू. त्या आकड्याला फक्त तीनने गुणायचं होतं: १.८०७ गुणिले १० चा २४ वा घात. ऑक्सिजनचे अणू जोडीने राहतात, तिथे दोनने. कार्बन सुट्ट्या अणूंतच मोजतात, म्हणून तो बरोबर येत होता. मी तिथल्या तिथे उठले, वही आणली आणि सहामाहीचा पेपर परत सोडवला. शेंगा भावाने सोलल्या.

नंतर वाचलं की यात अडकलेली मी पहिली नाही. अ‍ॅव्होगॅड्रो नावाच्या शास्त्रज्ञाने १८११ मध्ये अणू आणि रेणू वेगळे करून दाखवले, तरी रसायनशास्त्रज्ञांचा घोळ चालूच राहिला. शेवटी १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात सगळ्यांना परिषद भरवून बसावं लागलं. त्यांना ५० वर्षं लागली, मला तीन महिने. हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने पाडा: इंग्रजी, मराठी, हिंदी. मास म्हणजे आपलं वस्तुमान, त्यांचं द्रव्यमान. एलिमेंट म्हणजे मूलद्रव्य, त्यांचं तत्व. कम्पाउंड संयुग, त्यांचं यौगिक. व्हॅलन्सी संयुजा, त्यांची संयोजकता. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, शब्द अडला की तिथे बघायचं.

अणूची रचना मग पटापट झाली. थॉमसनचा इलेक्ट्रॉन १८९७, रदरफोर्डचं केंद्रक १९११, बोरच्या कक्षा १९१३, चॅडविकचा न्यूट्रॉन १९३२. साल लक्षात ठेवली की कुणी कुणाचं खोडून काढलं ते आपोआप कळतं.

एक मधलं राहिलं, सार्थ अंक, म्हणजे आकड्यातले खरंच मोजलेले अंक. सर २.५ लिहिलं की अर्धा मार्क कापायचे, २.५० हवं म्हणायचे. हे मला कापसाच्या जिनिंगवर कळलं. तिथला गाडीचा काटा १० किलोच्या पायरीने चालतो. २,३४० दाखवला तर शेवटचं शून्य त्याने मोजलेलं नसतं, नुसती जागा भरलेली असते. सोनाराच्या काट्यावरच्या २.५० मधलं शून्य मात्र खरंच मोजलेलं असतं, त्याचे पैसे पडतात.

आणि टक्केवारीच्या गणिताला युरियाची बॅग घ्या. युरियाचं रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे जवळपास ४६.७ टक्के. बॅगेवर ४६ छापलेलं असतं. ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो नत्र. बाबांना करून दाखवलं, ते म्हणाले, “मंग बाकीचं काय टाकतेत?” कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन सांगेपर्यंत ते वावरात निघून गेले होते.

हो, आणि प्रॅक्टिकलच्या आधी एक बघा, कारण इथे माझी मैत्रीण पडली. आपल्याकडे क्षार म्हणजे सॉल्ट, बेस म्हणजे आम्लारी. हिंदी व्हिडिओत सॉल्टला लवण म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हटलं की ते अल्कलीबद्दल, म्हणजे एका प्रकारच्या आम्लारीबद्दल बोलत असतात.