कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरी जेवताना पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा इतक्या सहज म्हटलं जायचं. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटीकडून ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं, समन्स आलं आणि मी ते रत्नागिरीला फोनवर आईला सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "काय केलंस गं तू?"

काही केलं नव्हतं. नागरिकत्वाची शपथ तेवढी घेतली होती. मतदार यादीतून, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावं निघतात, तसं माझंही निघालं. मतदान करायला मिळणार म्हणून तेव्हा पेढे वाटले होते. हे दुसरं कलम कुणाच्या लक्षात होतं!

आठवडाभर रोज संध्याकाळी पाचनंतर आपला गट उद्या बोलावलाय का ते बघायचं. सोमवार, मंगळवार सुटले. बुधवारी नंबर लागला. मोठ्या हॉलमध्ये दीडएकशे माणसं, आणि वातावरण थेट एसटी स्टँडचं: गाडी कुठली, कधी, कुणालाच माहीत नाही, पण उठून गेलो तर नेमकी लागेल अशी सगळ्यांना खात्री. सिलिकॉन व्हॅली असल्यामुळे निम्मे जण लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये. एक बाई शांतपणे लोकर विणत होत्या. त्या एकट्याच तयारीनं आल्या होत्या असं मला वाटलं.

मग ज्यूरी निवडायला कोर्टरूममध्ये प्रश्नोत्तरं. काय करता, घरात कुणी पोलीस आहे का, दारूबद्दल काही ठाम मत आहे का. एका गृहस्थांनी 'पोलीस खोटं बोलूच शकत नाहीत' असं ठासून सांगितलं आणि पाच मिनिटांत घरी गेले. ही युक्ती मला उशिरा कळली. आडनावाचे तीन वेगवेगळे उच्चार झाल्यावर मी सात नंबरची ज्यूरर झाले, ते एका परीनं बरंच झालं.

खटला साधा होता. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप. अवघड होतं ते गप्प बसणं. जज रोज सुट्टी करताना तेच बजावायचे: खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, घरीही नाही, आपसांतही नाही, इंटरनेटवर काही शोधायचं नाही, आणि मत बनवायचं नाही. हे शेवटचं मराठी माणसाला सांगणं म्हणजे अतीच. आमच्याकडे मत आधी असतं, माहिती सवडीनं येते. संध्याकाळी नवरा भाजी चिरताना विचारायचा, "मग, आज काय?" मी म्हणायचे, "पार्किंग मिळालं." तीन दिवस आमच्या घरात पार्किंगवर जेवढी चर्चा झाली तेवढी आयुष्यात झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक साक्षीदार आला. टाकोच्या गाडीवर काम करणारा, स्पॅनिश बोलणारा. शेजारी दुभाषी. त्याआधी जजनी एक सूचना दिली: तुमच्यापैकी कुणाला स्पॅनिश येत असलं, तरी दुभाष्यानं इंग्रजीत जे सांगितलं तेच ऐकलं असं धरायचं. माझ्या उजवीकडे सहा नंबरच्या बाई. आरोपी त्या रात्री कसा दिसत होता, असं विचारल्यावर साक्षीदार म्हणाला, "मारेआदो." दुभाषी म्हणाली, "चक्कर आल्यासारखा." सहा नंबरच्या बाईंचं पेन वहीवर थांबलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी एक चिठ्ठी लिहून बेलिफच्या हातात दिली. परत बसलो तेव्हा वकील जजजवळ जाऊन कुजबुजले आणि साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा, उकलून विचारला गेला. त्या शब्दाचा अर्थ चक्कर आलेला असाही होतो आणि थोडीशी चढलेला असाही, हे मला खटला संपल्यावर पार्किंगमध्ये कळलं. (पुन्हा पार्किंग.)

त्या बाकावर बसून मला सारखे टिळक आठवत होते. शाळेत आम्हाला 'ज्यूरी' हा शब्द मुळात शिकवला तो त्यांच्यामुळे, आणि त्या धड्यात ज्यूरी आपल्या बाजूची नव्हती. 1908 सालचा खटला. 'देशाचे दुर्दैव', 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले मराठी लेख. आणि त्यांचा न्याय करायला नऊ जण, त्यांत सात युरोपियन, दोन पारशी. मराठी न येणारी माणसं इंग्रजी भाषांतरावरून मराठी लेखाचं ठरवणार, याला टिळकांच्या बाजूनं हरकत घेतली गेली, ती टिकली नाही. मग ते स्वतः उभे राहिले आणि 21 तासांहून जास्त बोलले. त्यातला बराच वेळ भाषांतरात शब्द कसे बिघडलेत, हे सांगण्यात गेला. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. ज्यूरीनं काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचं म्हणणं आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे. त्या नऊ जणांना चिठ्ठी लिहायची सोय असती, तरी लिहिण्याइतकं मराठी किती जणांना येत होतं?

आमच्याकडे बाराही जणांचं एकमत लागतं. अकरा जण तासाभरात तयार होते. बारावी मी नव्हते. असते तर हा लेख जास्त रुबाबदार झाला असता. बारावा होता एक विशीतला मुलगा, त्यानं दीड दिवस आम्हाला प्रत्येक साक्ष पुन्हा काढायला लावली. शेवटी दोषी. क्लार्कनं एकेकाला विचारलं, हा तुमचाच निकाल आहे का? माझी पाळी आली तेव्हा मी आरोपीच्या बुटांकडे बघत होते. उजव्या बुटाची नाडी सुटली होती. "यस" म्हणाले, तो आवाज माझा वाटला नाही.

मानधन पहिल्या दिवशी काही नाही, नंतर दिवसाला 15 डॉलर आणि मैलामागे 34 सेंट. चेक अजून फ्रिजवरच आहे, समन्स होतं त्याच मॅग्नेटखाली.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. आता बोलायला परवानगी होती. तिनं निकालाबद्दल विचारलंच नाही. टिळकांवर आल्यावर मात्र थांबली.

"ते दोघे, निर्दोष म्हणणारे," ती म्हणाली, "त्यांना मराठी येत असणार, नाही?"