तिथीची पाऊणपट

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात गेलं, सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आधीची शेतातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला, की यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतल्या गाड्या कोकणाकडे निघतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला, तेव्हापासून जरा जास्तच. निघण्याआधी खोल्या, देवळं, मासे यांची चौकशी भरपूर होते. खाडी कधी ओलांडायची, हे मात्र कोणी विचारत नाही. अन् अडतं नेमकं तिथंच.

मुरूडपासून किनारा धरून खाली उतरायचं तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीत घालावी लागते. तिकडं कोणी फेरीबोट म्हणतं, कोणी जंगलजेटी. दाभोळची सेवा २००३ पासूनची. पाणी थोड्या मिनिटांचं. ते टाळलं तर गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा पडतो.

वैनगंगा घ्या की पैनगंगा, आपल्याकडचं पाणी एकाच दिशेनं जातं. खाडीत समुद्र दिवसातून साधारण दोनदा आत शिरतो अन् दोनदा परततो. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. बोट तोंडाशी असलेली लोखंडी फळी त्या उतारावर टाकते. भरतीला ती वरच्या कोरड्या भागावर टेकते. ओहोटीला खाली, जिथं एरवी पाणी असतं. म्हणजे शेवाळ आणि गाळ. उतार अन् फळी यांच्या खोबणीत आधी गाडीचा बंपर घासतो, मग फळी संपते तिथं पोट टेकतं. डिकीत चकल्यांचे डबे, टपावर बॅगा, आत सहा माणसं असली तर टेकणारच. माणसं आधी उतरवायची, गाडीत फक्त चालवणारा. पहिला गियर, एकसारखा वेग, शेवाळावर ब्रेक नाही.

वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं असतं, ते पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्यापुढं सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, खाडीत आत गेलं तर थोडा उशीरही; पण गाडी चढवायला एवढा हिशेब बस.

आता गंमत पहा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे उधाणाचे दिवस: पाणी सगळ्यात वर चढतं, तसंच सगळ्यात खालीही जातं. भाऊबीज द्वितीया, भरती दुपारी दीडला, ओहोटी सकाळी-संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. आपली मंडळी हटकून पहाटे निघून सकाळी धक्क्यावर पोचतात, पाणी तळाला गेलेलं असताना. त्यापेक्षा पोटभर नाश्ता करून अकराला या. किंवा अष्टमीच्या आगेमागे जा. भांगाच्या त्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही.

बोटीवरची पोरं गाड्या कुठं लावायला सांगतात, त्यावर वाद घालू नये. बस, टेंपो मधोमध, दुचाक्या कडेला, हे वजनाचं गणित आहे. कापसाची बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते, तसंच हे. ज्या बोटीला एकाच टोकाला फळी असते, तिच्यात गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते किंवा उतरवावी तरी. ज्याचा हात बसलेला आहे त्यानंच स्टिअरिंग धरावं, घरातल्या सगळ्यात मोठ्यानं नव्हे. मग इंजिन बंद, हँडब्रेक, गियरमध्ये गाडी. गाडी अन् माणसं यांची तिकिटं वेगळी निघतात, सुटे पैसे जवळ ठेवा.

पाण्यावर असताना कठड्याशी उभं राहावं. काळ्या मातीच्या डोळ्यांना जांभ्याचा तो तांबडा कडा थेट पाण्यात उतरताना नवलाचाच वाटतो. काठानं कांदळवन, वेशवीच्या बाजूला बाणकोटचा किल्ला, तवसाळकडून येताना समोर जयगड. हिवाळ्यात कुरव पक्षी मागं लागतात. त्यांना शेव-चिवडा टाकू नये.

सागरी महामार्गासाठी यातल्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. तोवर शेवटच्या बोटीची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारा. उधाणाच्या ओहोटीला बोट पाण्याची वाट बघत थांबू शकते, तिच्या वेळापत्रकात ते छापलेलं नसतं.