उरलेलं अर्धं फूल कुठंय?

नौपाकाचं फूल पहिल्यांदा फोटोत बघितलं तेव्हा वाटलं कुणीतरी चाळा म्हणून निम्मं तोडून टाकलंय. मग शेजारचं बघितलं तर तेही तसंच, अख्ख्या झुडपावर निम्मी निम्मी फुलं, भांग पाडताना सगळे केस एकीकडे फिरवावेत तशा पाकळ्या एका बाजूला आणि दुसरी बाजू साफ मोकळी.

हवाई बेटांवर याची दोन झुडपं फार प्रसिद्ध, एक समुद्रकाठच्या वाळूतलं आणि एक डोंगरावरचं, आणि दोघांचीही फुलं अशीच. मग गोष्ट तर बनणारच ना! नौपाका नावाची राजकन्या साध्या घरातल्या काउईच्या प्रेमात पडते, लग्नाला परवानगी काही मिळत नाही, तेव्हा ती केसातलं फूल काढते, फाडून निम्मं त्याच्या हातात देते आणि सांगते तू समुद्राकडे जा, मी डोंगरात राहते. हे बघून आजूबाजूची झुडपं इतकी हळहळली की तेव्हापासून अर्धीच फुलं देतात. दुसऱ्या एका कथेत ज्वालामुखीची देवी पेले मध्ये येते, तिला तो तरुण हवा असतो, तो नाही म्हणतो आणि ती लाव्हा घेऊन मागे लागते (नकार पचवणं देवांनाही जड जातं), शेवटी तिच्या बहिणींनाच दया येते आणि त्या दोघांना झुडपं करून टाकतात, एक डोंगरावर, एक किनाऱ्यावर.

मला गंमत वाटते ती शास्त्रज्ञांची. झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसने 1771 मध्ये झाडांच्या या गटाला नाव दिलं स्कीव्होला, म्हणजे डावरा. हे टोपणनाव म्यूशियसचं, रोमन दंतकथेत तो शत्रूच्या राजासमोर आपला उजवा हात आगीत धरून जाळतो आणि डावाच उरतो. म्हणजे फूल तेच, बेटावरच्यांना त्यात ताटातूट दिसली आणि लॅटिन शिकलेल्यांना पंजा, पण गोष्टीशिवाय भागलं कुणाचंच नाही.

खरं तर पाकळ्या मोजल्या तर पाच भरतात, एकही हरवलेली नाही. फुलाची नळी एका बाजूने उभी चिरलेली असते म्हणून ती पंख्यासारखी उघडते, बस इतकंच. आणि डीएनए तपासल्यावर तर कळलं की या गटातल्या झाडांचे पूर्वज हवाईत तीन वेगवेगळ्या खेपांना आले, त्यात किनाऱ्यावरचं वेगळं आलं आणि डोंगरावरचं वेगळं, म्हणजे ताटातूट राहिली बाजूला, तिथे ही दोघं कधी एका घरात नव्हतीच!

तरी लोक डोंगरावरचं फूल किनाऱ्यावरच्या फुलाला जोडून बघतात, प्रेमी परत भेटले म्हणतात. मिळालं तर मीही जोडून बघणार. पाकळ्या दहा होतात खऱ्या, पण तेव्हा मोजत कोण बसतंय.