तुम्ही विचारलंत म्हणून: तपासण्या मोफत, मग पैसे कशाला?

"तपासण्या मोफत आहेत ना, मग पैसे कशासाठी मागता?" हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेलाच: "रक्तच तर द्यायचं असतं. कुरिअरने पाठवा की."

माझ्या मुलीला झटके येतात, आजाराचं निदान अजून झालेलं नाही आणि तपासण्यांसाठी तिला लांबच्या रुग्णालयात न्यायला मी मदत मागते आहे, हे तुम्हाला माहीत आहे; बाकीचं पुन्हा सांगत नाही. आजवर या प्रश्नांची उत्तरं मी फोनवर, दारात, घाईत देत आले. दर वेळी उत्तर अर्धवट राहिलं आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका तशीच राहिली. म्हणून एकदा नीट लिहिते.

रक्त पाठवता येतं, हे अगदी खरं. जनुकीय तपासणीचं रक्त जांभळ्या बुचाच्या, म्हणजे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतात. २ ते ४ मिलिलिटर पुरतं, न गोठवता ते काही दिवस व्यवस्थित टिकतं. पण निदान न झालेल्या मुलाची तपासणी एका नळीत संपत नाही. अमोनिया मोजण्यासाठीचं रक्त काढताक्षणी बर्फात ठेवावं लागतं आणि अर्ध्या तासाच्या आत, जमल्यास १५ मिनिटांतच, त्यातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, वेगळा करावा लागतो. उशीर झाला की नळीतच अमोनिया वाढत जातो आणि मुलाला नसलेला दोष कागदावर उमटतो. रक्तातलं लॅक्टेट हे आम्ल मोजायचं, त्याचंही तसंच. दंडाला पट्टा आवळून बांधला, मूल रडलं, हातपाय झाडले, तरी आकडा चढतो. माझ्या मुलीच्या फायलीत वाढलेल्या लॅक्टेटचे दोन अहवाल आहेत आणि दोन्ही वेळा ती किंचाळत होती. ते आकडे खरे की रडण्याचे, हे आज कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे ती तपासणी पुन्हा, शांतपणे, जिथे यंत्र आहे तिथेच करावी लागणार.

काही तपासण्यांसाठी त्वचेचा ३-४ मिलिमीटरचा तुकडा घेतात. पेशी वाढवायच्या असतील तर तो फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रसायनात) टाकून चालत नाही. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात. तो निर्जंतुक पोषक द्रावातच जायला हवा. स्नायूच्या बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) काही तपासण्यांना ताजा स्नायूच लागतो, आणि बाकीचा भाग शस्त्रक्रियागृहातच तातडीने गोठवावा लागतो. म्हणजे शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा शेजारी शेजारी हवीत. जो नमुना प्रवास करू शकत नाही, त्याच्यासाठी मुलाला प्रवास करावा लागतो.

आता खर्च कुठून येतो ते सांगते. तपासणीची तारीख एका दिवसाची असली तरी आम्ही दोन दिवस आधी पोचतो, कारण प्रवासाने थकलेल्या अवस्थेत तिचे झटके वाढतात आणि त्या दिवशी काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नेहमीचा म्हणून धरता येत नाही. भूल द्यायची असेल आणि तिला सर्दी-ताप आला, तर भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात, बहुतेक वेळा काही आठवडे. त्यांचं बरोबरच असतं, पण खर्च झालेला असतो. बायोप्सीनंतर तीन दिवस तिथेच राहायचं. परतीचं तिकीट रद्द करता येण्यासारखं हवं आणि तेच महाग असतं. तिला बसून लांबचा प्रवास जमत नाही, आडवं झोपता येईल अशी जागा लागते. बरोबर दोन मोठी माणसं हवीत: एक तिला धरून, दुसरं नोंदणीच्या, एमआरआयच्या, औषधांच्या रांगेत.

मदत देणाऱ्या योजना बहुतेक वेळा रुग्ण आणि एक सोबती एवढाच खर्च धरतात. बऱ्याच ठिकाणी पैसे पावत्या दाखवल्यावर परत मिळतात, म्हणजे आधी ते जवळ असायला हवेत. आणि अर्जात "आजाराचं नाव" हा रकाना असतोच. दुर्मीळ आजारांची सूची करणाऱ्या ऑर्फानेटने, सगळ्या तपासण्या होऊनही निदान न झालेल्यांसाठी एक वेगळा संकेतांक ठेवला आहे. तो आम्ही आता अर्जात लिहितो. पूर्वी "निदान प्रलंबित" लिहायचो आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत यायचा.

हे सगळं मला आज कळतं. पहिल्या वेळी कळलं नव्हतं, आणि "रक्त पाठवलं की झालं, माणसं कशाला" हा तुमचाच प्रश्न तेव्हा माझ्याही डोक्यात होता, हे कबूल करायला हवं.

तेव्हा एक्झोम तपासणी ठरली होती. यात जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग वाचतात. तो संपूर्ण जीनोमच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. वाचताना प्रत्येक माणसात हजारो फरक सापडतात. त्यांतला आजाराचा कोणता हे चाळायला मूल, आई आणि वडील अशा तिघांचं रक्त एकत्र वाचतात. आई-वडील दोघांतही नसलेला, मुलात नव्याने झालेला बदल लगेच वर येतो. रुग्णालयाच्या पत्रात "पालकांचे नमुने" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी हिशेब केला: वडील तर ठणठणीत आहेत, त्यांचा रोज बुडेल, तिकीट वाढेल. माझा भाऊ सोबतीला आला. तिथे फॉर्मवर एक चौकट होती, "वडील उपलब्ध नाहीत". त्यावर मी माझ्या हाताने खूण केली. कोणी काही विचारलं नाही. ज्या मुलांचे वडील खरंच नसतात त्यांच्यासाठी ती चौकट असते, आणि असं कोणाला विचारणं बरं दिसत नाही.

अहवाल आला. एका जनुकात बदल होता आणि तो माझ्यात नव्हता. पुढे लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित, वडिलांचा नमुना नसल्याने बदल नव्याने झालेला आहे की नाही ते सांगता येत नाही. मी ती दोन वाक्यं ओलांडून जनुकाच्या नावावर गेले. त्या जनुकाचा आजार एकाच बिघडलेल्या प्रतीने होतो, त्यात झटके येतात, स्नायू ढिले पडतात. आमचंच वर्णन. सात महिने आम्ही त्या नावासोबत राहिलो. पुढे काय होतं ते वाचलं. नातेवाईकांना नाव सांगितलं. नाव मिळालं म्हणून रडलो, आणि पुढचं वाचून पुन्हा रडलो.

मग तिच्या बाबांचं रक्त पाठवलं. हो, कुरिअरने. पहिली नळी हिरव्या बुचाची निघाली. तिच्यात हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध असतं आणि ते डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेत अडथळा आणतं, म्हणून ती नाकारली. दुसरी स्वीकारली. बदल बाबांमध्येही निघाला. ठणठणीत वडिलांकडून आलेला बदल मुलीच्या इतक्या गंभीर आजाराचं कारण असण्याची शक्यता फार कमी. नाव गेलं. सात महिने आम्ही दुसऱ्याच कुणाच्या आजाराची तयारी करत होतो.

एक तिकीट वाचवलं त्याचं हे झालं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे: रक्त पहिल्याच दिवशी घरून पाठवलं असतं तर तिकीट न काढताही हे टळलं असतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते, बाबा समोर असते तर ती चौकट रिकामी राहिली असती.

आता तिसरा प्रश्न, "जाऊन निदान होईल याची खात्री आहे का?" नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये अशा रुग्णांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या जाळ्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: १५१९ जणांची शिफारस झाली, ६०१ जणांना घेतलं, पूर्ण तपासणी झालेल्या ३८२ पैकी १३२ जणांना निदान मिळालं. म्हणजे ३५ टक्के, आणि तेही इतक्या चाळणीनंतर. निदान मिळालेल्यांत साधारण पाचात एकाला उपचार बदलण्याची शिफारस झाली. एकूण निदानांतली ७४ टक्के जनुकं वाचूनच झाली, म्हणजे हा आकडा तुमच्या "रक्त पाठवा"च्याच बाजूने बोलतो. पण ११ टक्के निदानं केवळ वैद्यकीय आढाव्यावरून झाली, हेही त्याच आकड्यांत आहे. मी तेवढंच धरून बसते आहे का? कधी कधी वाटतं, हो.

या वेळची तयारी झाली आहे. एमआरआयच्या फिल्म नव्हे, मूळ प्रतिमांची सीडी. झटक्यांचे तारीखवार व्हिडिओ. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची वंशावळ. भूल देण्याआधी तिला नुसतं उपाशी न ठेवता ग्लुकोजचं सलाईन लावावं, असं डॉक्टरांचं पत्र. जुन्या एक्झोमची माहिती नव्याने वाचून घेण्याची विनंतीही गेली आहे. नवी जनुकं दर वर्षी आजारांशी जोडली जातात, म्हणून जुनीच माहिती पुन्हा चाळून काही मुलांना नाव मिळतं, आणि त्याला प्रवास लागत नाही.

तिचे बाबा म्हणतात, त्याचा निकाल येऊ दे, स्नायू कापायची घाई नको. मी म्हणते, हातातली तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल? रात्री मला त्यांचं पटतं, सकाळी माझं. मदतीच्या अर्जात "सोबतचे नातेवाईक" या रकान्यात मात्र मी दोन लिहिलं आहे: आई आणि वडील. तो बदल बाबांमध्येही आहे, म्हणून डॉक्टरांना त्यांना तपासायचंय: त्यांची त्वचा, हात, चालणं. कारणाची जागा दोनच ओळींची होती, म्हणून वेगळा कागद जोडला आहे.