जांभळा की गुलाबी

डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ मध्ये, बर्लिनमध्ये काम करताना प्रसिद्ध केलेली, जिवाणूंना रंग देऊन त्यांचे प्रकार ओळखण्याची रंजनपद्धत मी असंख्य वेळा वापरली आहे, तरी अल्कोहोल टाकण्याचा क्षण मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन यांमुळे तोवर सगळेच जिवाणू जांभळे झालेले असतात. मात्र ज्यांच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅन या जाळीदार द्रव्याचा जाड थर असतो, त्यांची भित्तिका अल्कोहोलने आकसून रंग आतच अडकतो, तर पातळ थर असलेल्यांचे बाह्यपटल विस्कटून रंग वाहून जातो आणि नंतर टाकलेल्या सॅफ्रॅनिन या रंगाने ते गुलाबी दिसतात. अल्कोहोल थोडे जास्त वेळ राहिले, तर जाड थराचा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणूसुद्धा गुलाबी दिसून फसवतो, म्हणून विद्यार्थ्यांना मी तिथे दिरंगाई करू देत नाही. क्षयाचा जिवाणू मात्र मायकोलिक आम्लाच्या मेणचट आवरणामुळे या रंगांना नीट दाद देत नाही. त्याच्यासाठी झील-नील्सन ही वेगळी रंजनपद्धत लागते.