काकांचा तक्ता आणि लायसन्स

डबा उघडत होते तेवढ्यात मेल आला, जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारा आमचा प्रोग्राम त्यांना वापरायचा होता. विचारलं एकच: याचं लायसन्स काय?

लायसन्स नव्हतंच. रविवारी घरी बसून केलेलं काम. वर एक ओळ टाकली होती, 'ज्याला हवं त्याने वापरा.' पण कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप लागतो, नोंदणी करा वा न करा. त्यात बदल करायचे का, पुढे कुणाला द्यायचा का, विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा का, यातलं काहीच माझ्या ओळीत नव्हतं. त्यांचा वकील अडला, ते बरोबरच होतं.

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं: सगळे हक्क सोडले, पब्लिक डोमेन समजा, म्हणजे कुणाचीच मालकी नाही. मनापासून तेच हवं होतं मला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम असल्या कागदपत्रांत मुरलेल्या. म्हणाल्या, "थांब, पाठवू नकोस." भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 21 हक्क सोडू देतं, 2012 च्या दुरुस्तीनंतर जाहीर सूचना देऊनही. जर्मनीत मात्र लेखकाला आपला कॉपीराइट सोडताच येत नाही. 'हक्क सोडले' असं सांगणारा सीसी झीरो नावाचा तयार मजकूर असतो, त्यात यावर तोड आहे: हक्क सोडता येत नाहीत तिथे तोच मजकूर परवाना म्हणून लागू होतो. पण पेटंटचे हक्क त्यात स्पष्ट वगळलेत, म्हणून फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने 2022 मध्ये कोडसाठी तो चालवून घेणं बंद केलं. एसक्यूलाइट ही माहिती साठवायची प्रणाली पब्लिक डोमेनमध्ये आहे, तरी काही कंपन्यांना हातात कागद लागतो, म्हणून तिचे कर्ते मालकीहक्काची लेखी हमी विकतात. आम्ही कुठून देणार तसली हमी?

"आणि हे सगळं तुझं एकटीचं आहे का?" मॅडमनी विचारलं.

नव्हतं. रफाराचा भाग एका मित्राने लिहिलेला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. 'कार्य' लिहिताना तिथे र् आधी, य मागून. आणि कुठल्या कीवर कुठलं अक्षर, हा अख्खा तक्ता आमच्या शेजारच्या काकांचा. 30 वर्षं डीटीपी केलेला माणूस. चौकटीच्या वहीत पेनाने लिहून दिला होता, 'ऱ्य'मधल्या अर्ध्या र साठी वेगळं पान. त्या दोघांचे हक्क मी कशी सोडणार?

मित्राचा होकार दोन मिनिटांत आला. काकांना फोन लावला.

"माझं नाव कशाला घालतेस? लोकांचं काम झालं म्हणजे झालं." मग जरा थांबून म्हणाले, "पण तक्त्यात एखादं अक्षर चुकलं आणि कुणाचं पुस्तक तसंच छापून निघालं, तर मला धरणार नाहीत ना?"

नुसतं 'हक्क सोडले' लिहून या भीतीला उत्तर मिळत नाही. जीपीएल हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना डोक्यात आला होता, पण प्रोग्राम पुढे देताना बदललेला कोडही खुला ठेवायची त्याची अट एखाद्या छोट्या प्रकाशकाला जड गेली असती. एमआयटी परवान्यात काकांना हवं ते होतं. आहे तसं घ्या, हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाहीत. घेणाऱ्याने कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा, बस. तो परिच्छेद मी काकांना मराठीत सांगितला, सावकाश, दोनदा.

"मग घाल नाव," काका म्हणाले.

संध्याकाळी त्यांची फाइल आली. नाव त्यांच्या जुन्या फॉन्टमध्येच टाइप केलेलं. माझ्या स्क्रीनवर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ती आमच्याच प्रोग्राममधून काढली. काकांच्या आडनावात रफार आहे. तो नीट जागेवर बसला. ती ओळ लायसन्सच्या फाइलमध्ये टाकली आणि जर्मनीला उत्तर पाठवलं.