काइल फील्डला मॅच बघायला जाताना : उभं कुठे राहायचं, बसायचं कुठे

काइल फील्डच्या पूर्वेकडच्या, विद्यार्थ्यांच्या स्टँडात बाक आहेत, पण खेळ चालू असताना त्यांवर कुणी बसत नाही. ही गोष्ट माहीत नसताना तिकीट काढलं की दिवस वाया जातो, आणि आजूबाजूच्यांनाही त्रास होतो.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं हे मैदान टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन गावात, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या आवारात आहे. 2015 साली नूतनीकरण पूर्ण झाल्यापासून इथे 1,02,733 माणसं मावतात. त्यात 30 हजारांहून जास्त विद्यार्थी असतात. इथे शिकायला येणारी मराठी मुलं दरवर्षी असतात आणि ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या हंगामात त्यांचे आईबाबाही भेटीला येतात. मुलगा किंवा मुलगी मोठ्या उत्साहाने मॅचची तिकिटं काढते, पण ती नेमकी कोणत्या बाजूची आहेत याचा विचार बऱ्याचदा मागे राहतो.

उभं राहण्यामागचं कारण आधी समजून घ्या, मग बाकीचे शिष्टाचार आपोआप उलगडतात. 2 जानेवारी 1922 रोजी डॅलसमध्ये ए अँड एमची सेंटर कॉलेजशी मॅच होती. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊन बाहेर येत होते. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी वर वार्ताहरांच्या जागेत बसून खेळाडू ओळखून द्यायला मदत करत होता. कोच डाना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा गणवेश अंगावर चढवला आणि शेवटपर्यंत सीमारेषेपाशी तयारीत उभा राहिला. मॅच 22-14 अशी जिंकली. गिलला मैदानात उतरावं लागलं नाही, पण 11 जणांच्या संघाचा 'बारावा माणूस' तो झाला. आजचे विद्यार्थी मॅचभर उभे राहतात ते याच अर्थाने, की गरज पडली तर आम्ही आहोत. म्हणून त्यांना "जरा बसा ना" म्हणणं चुकीचं ठरतं. वानखेडेवर मागून "ए, खाली बस!" अशी हाक आली की माणूस निमूट बसतो, कारण तिथे तोच रिवाज आहे. इथल्या पूर्वेच्या स्टँडात तो उलटा आहे, आणि बदलायचं असेल तर आपण बदलायचं.

तिकिटाचा निर्णय त्यावरूनच करा. कॉलेज फुटबॉलची मॅच साधारण साडेतीन तास चालते: 15 मिनिटांचे चार भाग (क्वार्टर), मध्ये 20 मिनिटांचा हाफटाइम, शिवाय टाइमआउट आणि टीव्हीच्या जाहिरातींचे थांबे. बरोबरी झाली तर वेळ आणखी वाढते. 24 नोव्हेंबर 2018 ला याच मैदानावर एलएसयूविरुद्धची (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) मॅच सात ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि 74-72 वर संपली. तेव्हा विद्यार्थी जवळजवळ पाच तास उभे होते. गुडघेदुखी, पाठदुखी, पायाला सूज किंवा चक्करेचा त्रास असणाऱ्याने विद्यार्थ्यांच्या भागात जाऊच नये. मुलाला वाईट वाटेल म्हणून जाणारे आईबाबा दुसऱ्या क्वार्टरपर्यंत थकतात, आणि एकदा बसले की पुढच्या पाठींशिवाय काही दिसत नाही. त्यांच्यासाठी पश्चिमेची बाजू घ्या. दुपारच्या मॅचला तिकडे सावलीही लवकर येते, पूर्वेच्या स्टँडात मात्र उतरतं ऊन थेट डोळ्यांत येतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी किंवा अजिबात उभं राहता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा असतात. अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार अशा नव्या जागा समोरची माणसं उभी राहिली तरी मैदान दिसेल इतक्या उंचीवर बांधाव्या लागतात, आणि सोबत्याची जागा शेजारी मिळते. हे तिकीट काढतानाच सांगा, गेटवर पोहोचून नाही.

मुक्कामाचं आधी बघा. 2020 च्या जनगणनेत कॉलेज स्टेशनची वस्ती सव्वा लाखाच्या आतच होती, आणि मॅचच्या दिवशी जवळजवळ तेवढीच माणसं एका मैदानात जमतात. हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. जुळं गाव ब्रायन हा दुसरा पर्याय. ह्यूस्टनहून साधारण दीडशे किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे सकाळी निघून रात्री परतता येतं, फक्त गाडी चालवणाऱ्याने मॅचभर उभं राहून पुन्हा रात्रीचं चालवायचं का, याचा विचार करावा.

शुक्रवारी मुक्कामाला पोहोचता आलं तर फार बरं, कारण घरच्या मॅचच्या आदल्या मध्यरात्री याच मैदानावर 'मिडनाइट यल' होतो. ही घोषणांची तालीम असते आणि नवख्याला शिकण्याची खरी संधी. ए अँड एमला चिअरलीडर नाहीत. त्यांच्या जागी विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच यल लीडर असतात, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन तिसऱ्या वर्षाचे, मॅचला पांढऱ्या कपड्यांत. ते हाताने खूण करतात. पहिल्या रांगेतला मुलगा ती खूण बघतो, हात डोक्यावर उंच धरून तीच खूण मागच्यांना दाखवतो. मागचे त्यांच्या मागच्यांना. छातीसमोर दोन मुठी एकमेकींभोवती फिरताना दिसल्या की 'फार्मर्स फाइट' ही घोषणा. काही क्षणांत ती खूण स्टँडच्या टोकापर्यंत चढते. मग सगळे कमरेत वाकतात, तळवे गुडघ्यांवर टेकतात, मान वर ठेवतात आणि पोटातून आवाज काढतात. उभ्याने घशातून ओरडणारा माणूस दुसऱ्या क्वार्टरला बसक्या आवाजाचा होतो. वाकल्यावर पोटाचे स्नायू कामाला येतात म्हणून आवाज मोठाही निघतो आणि टिकतोही. आपल्यापर्यंत आलेली खूण मागे द्यायला विसरू नका. नवखे तिथेच चुकतात आणि त्यांच्या मागच्या चार रांगा उशिरा ओरडतात.

शनिवारी अंगावर मरून रंग असू द्या. जळका नारिंगी घालू नका, तो ऑस्टिनच्या विद्यापीठाचा. भेटणारा प्रत्येकजण "हाउडी" म्हणेल, तुम्हीही तसंच उत्तर द्या. मैदानाजवळच्या मेमोरियल स्टुडंट सेंटरमध्ये शिरताना टोपी काढायची आणि भोवतीच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. युद्धांत प्राण दिलेल्या विद्यार्थ्यांची ती स्मृती आहे. फोटोसाठी हिरवळीवर उतरणाऱ्यांना तिथले विद्यार्थी लगेच टोकतात, आणि ते बरोबरच आहे.

बॅगेचे नियम कडक आहेत. पारदर्शक प्लॅस्टिकची बॅग, जास्तीत जास्त 12 इंच लांब, 6 इंच रुंद आणि 12 इंच उंच. किंवा एक गॅलनची झिपलॉक पिशवी. तिच्याबरोबर साधारण तळहाताएवढं, 4.5 × 6.5 इंचांचं छोटं पाकीट चालतं. पाठीवरची सॅक परत गाडीत ठेवायला जावं लागलं तर पहिला क्वार्टर निघून जातो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीपाशीच संपवा. पाण्याच्या बाटलीचा नियम त्या आठवड्याचा बघून घ्या. छत्री नको, पाऊस दिसत असेल तर पोंचो खिशात ठेवा. भोंगे, शिट्ट्या, डबे वाजवणं ए अँड एम ज्या विद्यापीठांच्या परिषदेत (एसईसी) खेळते तिथे बंद आहे (मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या गायीच्या घंटांना तेवढी खास सूट). तिकीट फोनवर असतं. एक लाख फोन एकाच टॉवरवर पडले की ते उघडत नाही, म्हणून खोलीतून निघतानाच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. विद्यार्थ्यांच्या भागात जायचं असेल तर ओळखपत्र किंवा विद्यार्थ्यामार्फत काढलेलं पाहुण्याचं तिकीट लागतं, साधं तिकीट तिथे चालत नाही. आणि एकदा गेटबाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.

आता उभं राहण्याचं तंत्र. जाड, मऊ तळव्याचे रुळलेले बूट आणि सुती मोजे. चपला नकोत, जिन्यावर गर्दीत बोटांवर पाय पडतात. गुडघे कडक ताठ ठेवू नका. तसं उभं राहिलं की पायांतलं रक्त वर चढत नाही, मेंदूला कमी पडतं आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. गुडघे जरा सैल, वजन या पायावरून त्या पायावर, मधूनमधून टाचा उचलायच्या. पाणी मॅचच्या दोन तास आधीपासून थोडं थोडं घ्या. सप्टेंबरातली टेक्सासची दुपार 35 अंशांच्या वर जाते, तहान लागल्यावर पिऊन ती भरून निघत नाही. डोकं दुखायला लागलं, काटा आला, मळमळलं की लगेच सावलीत जा आणि प्रथमोपचाराची जागा विचारा. कुणी आजारी पडून बसलं तर त्यात रिवाज मोडत नाही. बाकाचा उपयोग सामान ठेवायला होतो, पण त्यावर चढू नका. आपण चढलो की मागचा चढतो, आणि आनंदात एक जण घसरला की पुढच्या दोन रांगांवर पडतो.

आवाज कधी करायचा हे उभं राहण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ए अँड एमकडे चेंडू असेल तेव्हा शांत राहायचं, कारण क्वार्टरबॅकची (चाल सांगणाऱ्या खेळाडूची) हाक आपल्याच खेळाडूंना ऐकू जायला हवी. समोरच्यांकडे चेंडू असेल तेव्हा गर्जना, त्यातही थर्ड डाउनला सगळा जोर. दहा यार्ड पुढे जायला चार संधी (डाउन) असतात, आणि तिसरी हुकली की बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब मारून देऊन टाकतात. 2024 पासून कोच एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओवरून बोलू शकतो, पण क्वार्टरबॅकने पुढे ओळीत उभ्या खेळाडूंना दिलेली हाक अजून तोंडीच असते. ती गोंगाटात बुडाली की कुणीतरी आधी हलतो आणि पाच यार्डांची शिक्षा बसते. प्रेक्षकांनी मिळवलेले ते पाच यार्ड, आणि स्टँडातल्या प्रत्येकाला ते आपले वाटतात. रांगेतून ये-जा करायची ती टाइमआउटला किंवा क्वार्टर बदलताना. थर्ड डाउनला वीस माणसांसमोरून सरकत जाऊ नका.

'बू' करायचं नाही. पंचाचा निर्णय पटला नाही तर इथे फूत्कार टाकतात, आणि समोरच्या संघाच्या पाहुण्यांना वाट दाखवायलाही हेच विद्यार्थी पुढे होतात. 'व्हूप' ही आरोळी रिवाजाने तिसऱ्या वर्षापासून पुढच्यांची. पहिल्या दोन वर्षांतल्यांनी आणि पाहुण्यांनी ती मारू नये. आपला संघ गुण मिळवतो तेव्हा जोडपी चुंबन घेतात, हीही इथली जुनी रीत आहे. आईबाबा सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

विद्यापीठाच्या वॉर हिम या गाण्याच्या वेळी शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून झुलतात. एक रांग डावीकडे तर पुढची उजवीकडे, आणि वरचा मजला खरोखर हलताना पायांना जाणवतो. घाबरू नका. फक्त आपल्या रांगेची दिशा बघूनच सुरुवात करा, नाहीतर डोक्याला डोकं आपटतं.

पश्चिमेच्या बाजूला माजी विद्यार्थी असतात (इथे त्यांना 'फॉर्मर स्टुडंट्स' म्हणतात, 'अलम्नाय' नाही). तिथे किकऑफला (लाथेने चेंडू मारून खेळ सुरू होताना), थर्ड डाउनला आणि टचडाउनला (चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की) उभे राहतात, एरवी बसतात. उठण्याआधी मागे एकदा बघा. मागचे सगळे बसलेले असतील तर खेळी संपल्याबरोबर बसा. पुढचा सतत उभा असेल तर एकदा शांतपणे विनंती करा, आणि ऐकलं नाही तर वाद न घालता अशरला (जागा दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगा. पण पुढची सबंध रांग उभी असेल तर ती बहुधा तिच्याही पुढच्यांमुळे उभी असते, एकट्यादुकट्याला बोलून उपयोग नाही. मिशिगनच्या 1,07,601 आसनांच्या स्टेडियमसारख्या एकाच सलग उतरत्या वाडग्यात ही साखळी अगदी वरपर्यंत जाते.

हाफटाइमला खायला पळू नका. चारशेहून जास्त वादकांचा लष्करी शिस्तीचा बँड मैदानात उतरतो, आणि त्याच्या रांगा एकमेकींतून आरपार जातात ते वरच्या मजल्यावरून सर्वांत छान दिसतं. स्टॉलवरच्या रांगाही नेमक्या तेव्हाच सर्वांत लांब असतात. दुसऱ्या क्वार्टरच्या मधेच एकाने जाऊन सगळ्यांचं घेऊन यावं.

निकाल लागला म्हणून निघू नका. जिंकले तर पहिल्या वर्षाचे कॅडेट (विद्यापीठाच्या लष्करी शिस्तीच्या तुकडीतले विद्यार्थी) यल लीडरांना पळत गाठतात आणि उचलून 'फिश पाँड' कारंज्यात टाकतात. हरले तर विद्यार्थी स्टँडातच थांबून पुढच्या मॅचसाठी घोषणांची तालीम करतात. त्या वेळी पाठ फिरवून जिना उतरणं फार वाईट दिसतं. मैदानात मात्र धावू नका. 2025 पासून प्रेक्षक मैदानात घुसले की परिषद यजमान विद्यापीठाला 5 लाख डॉलर दंड करते.

गाड्यांची कोंडी तशीही तासभर सुटत नाही. पश्चिमेकडच्या पार्किंगला जाताना वेलबॉर्न रोडलगतचा रेल्वेमार्ग भुयारी वाटेनेच ओलांडा, त्या रुळांवरून मालगाड्या मॅचच्या दिवशीही धावतात. गाडीपाशी पोहोचलात की आधी बूट काढा, पाय वर करून दहा मिनिटं बसा, पाणी प्या. चालवायला त्यानंतर बसा.